जे सहसा घडत नाही त्याची गोष्ट

या वीकांताला थोडं फिजिक्स. घाबरू नका, समीकरण एकही नाही. खरं तर फिजिक्सपेक्षा इतिहासच जास्त आहे. त्यात मुंबई आहे, जपान आहे, आणि थोडंसं ओढूनताणून का होईना, औंधही आहे.

कणभौतिकीतलं जे काही आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा 'काय सापडलं' याबद्दल असतं. हिग्ज सापडला, पेपरात फोटो, चार दिवस चर्चा, संपलं. पण माझ्या मते या विषयातल्या सगळ्यात मजेदार गोष्टी निघाल्या त्या 'काय घडत नाही' यातून. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटावं. लॉगमध्ये चुकीची ओळ दिसली तर बग कधी ना कधी सापडतोच. पण जी ओळ यायला हवी होती आणि आलीच नाही, तिच्यापायी अख्खी रात्र जाते.

आधी साधा नियम. जड कण टिकत नाही, तो हलक्या कणांमध्ये फुटतो. कसा फुटेल याच्या बहुतेक वेळा अनेक वाटा असतात. वाट उघडी असायला ऊर्जा पुरली पाहिजे, विद्युतभाराचा हिशोब जुळला पाहिजे, अजून दोन-चार हिशोब जुळले पाहिजेत. आणि साधारण अपेक्षा अशी की फुटल्यावर जितकी जास्त ऊर्जा शिल्लक राहते तितकी ती वाट रुंद. पाणी मोठ्या उताराकडे धावतं, तसंच.

आता फाय मेसॉन बघा. हा १९६२-६३ च्या सुमारास सापडला. वजन साधारण १०२० एमईव्ही (तुलनेसाठी, प्रोटॉन ९३८ चा). त्याच्यापुढे दोन ठळक वाटा. एक, दोन केऑनमध्ये फुटायचं. त्यांचं मिळून वजन ९९० च्या आसपास, म्हणजे शिल्लक जेमतेम ३०. दुसरी, तीन पायॉनमध्ये फुटायचं. त्यांचं वजन ४१५, म्हणजे शिल्लक तब्बल ६००. कोणीही सांगेल, तीन पायॉन. प्रत्यक्षात शंभरातले ८३ फाय केऑनच्या वाटेने जातात, आणि पायॉनच्या वाटेने जेमतेम १५. एक्स्प्रेसवे मोकळा असताना शंभरातल्या ८३ माणसांनी बोरघाटातली पायवाट धरावी, असा हा प्रकार.

बहुतेकांनी हे वाचलं आणि पुढे गेले. जॉर्ज झ्वाइग नावाच्या पंचविशीतल्या पोराला मात्र ते सोडवेना. हा कॅलटेकमध्ये फाइनमनचा विद्यार्थी, नंतर काही काळ जिनिव्हाला सर्नमध्ये. त्याचा तर्क असा: एवढी मोठी वाट जर दबलेली आहे तर आत काहीतरी रचना असणार. मेसॉन हे मूळ कण नाहीतच, ते दोन तुकड्यांचे बनलेले आहेत. फायमध्ये एक विशिष्ट जातीचा तुकडा आणि त्याचा प्रतितुकडा आहे. केऑनमध्ये फुटताना हे दोन्ही तुकडे शाबूत राहतात, एकेका केऑनमध्ये एकेक जातो. पायॉनमध्ये तो तुकडाच नसतो. त्यामुळे तिकडे जायचं तर आधी दोघांनी एकमेकांना नष्ट करायचं आणि मग शून्यातून नवे तुकडे जन्माला यायचे. हे निसर्गाला जड जातं. झ्वाइगने त्या तुकड्यांना 'एस' म्हटलं, पत्त्यातला एक्का. त्याच सुमारास गेल-मान स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता आणि त्याने 'क्वार्क' म्हटलं. नाव गेल-मानचं राहिलं. झ्वाइगचा १९६४ चा लेख सर्नचा अंतर्गत अहवाल म्हणूनच पडून राहिला, तेव्हा कुठल्या जर्नलमध्ये छापून आला नाही. पण गंमत लक्षात घ्या: आज शाळेतली मुलंसुद्धा ज्याचं नाव ऐकून असतात तो क्वार्क, त्याच्यापर्यंत जाणारा एक रस्ता 'हे व्हायला हवं होतं पण होत नाही' इथून निघाला.

ओकुबो (१९६३), झ्वाइग (१९६४) आणि इझुका (१९६६) या तिघांच्या आद्याक्षरांवरून या नियमाला 'ओझेडआय' नियम म्हणतात. चित्र काढून बघितलं तर तो असा: सुरुवातीच्या क्वार्कची रेघ शेवटच्या कणांपर्यंत सलग जात असेल तर वाट मोकळी. चित्राचे दोन वेगळे तुकडे पडत असतील, मधे क्वार्कची एकही रेघ जोडत नसेल, तर वाट दबलेली.

इथे मला औंध आठवतं. (पुण्याच्या आयटीवाल्यांनो, परिहार चौकवालं नव्हे. साताऱ्याचं, खटाव तालुक्यातलं, यमाईचं आणि पंतप्रतिनिधींचं औंध.) औंध संस्थान नकाशावर एकसंध नव्हतंच मुळी. राजधानी औंधला; आटपाडीचा भाग तिकडे माणदेशात; कुंडल तिसरीकडे, किर्लोस्करवाडी वसली ती त्या भागात; आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. आज यातला काही भाग साताऱ्यात, काही सांगलीत आणि काही कर्नाटकात आहे. राज्य एक, राजा एक, पण मधे दुसऱ्याचा मुलूख, कुठे ब्रिटिशांचा, कुठे दुसऱ्या संस्थानाचा. औंध भागातल्या एका गावाहून शेजारच्या गावाला माल न्यायचा तर आपल्याच हद्दीतून गाडी हाकायची. औंधहून गुणदाळला न्यायचा तर परक्या हद्दी ओलांडायच्या. जाता येतं, पण सहज नाही. फायचे तीन पायॉन म्हणजे औंध ते गुणदाळ. मधला परका मुलूख म्हणजे ग्लुऑन, क्वार्कना बांधून ठेवणारे कण. तुटलेल्या दोन तुकड्यांमधला पूल तेवढाच.

उपमा इथेच सोडतो, फार ताणली की तुटते. पण नकाशा डोक्यात राहू द्या, कारण आता येतो १९७४ सालचा नोव्हेंबर.

९ आणि १० नोव्हेंबर, शनिवार-रविवार. (म्हणजे हाही वीकांतच.) कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या स्पिअर नावाच्या यंत्रावर बर्टन रिक्टरची मंडळी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळत होती. ३.१ जीईव्हीच्या आसपासचे आधीचे काही आकडे नीट बसत नव्हते म्हणून त्यांनी तो पट्टा पुन्हा तपासायला घेतला. ऊर्जा बारीक बारीक पावलांनी वाढवत गेले आणि एका ठिकाणी टकरींचा आकडा एकदम शंभरपटीच्या घरात उसळला. थोडं पुढे गेलं की पुन्हा खाली. तिकडे पूर्व किनाऱ्यावर ब्रुकहेवनला सॅम्युअल टिंगच्या गटाला अगदी वेगळ्या पद्धतीने तोच कण दिसला होता. टिंग सोमवारी ११ तारखेला योगायोगाने स्टॅनफर्डलाच बैठकीसाठी आलेला. दोघांनी एकमेकांना सांगितलं आणि कणाला जोडनाव मिळालं, जे/साय. इटलीत फ्रास्कातीच्या यंत्राची ऊर्जा ३ जीईव्हीपर्यंतच जायची; त्यांनी ती ताणून ३.१ पर्यंत नेली आणि काही दिवसांत दुजोरा दिला. १९७६ चं नोबेल रिक्टर आणि टिंगला.

पण सगळे चक्रावले ते कण सापडला म्हणून नाही. तो एवढा अरुंद का, म्हणून. कणांच्या जगात रुंदी म्हणजे आयुष्याचं उलट माप: कण जितका चटकन फुटतो तितकं त्याचं शिखर रुंद. एवढ्या वजनाच्या कणाची रुंदी शंभरेक एमईव्ही असायला हवी होती. जे/सायची रुंदी निघाली एका एमईव्हीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी; आजचा आकडा सुमारे ०.०९३ एमईव्ही. म्हणजे अपेक्षेच्या हजारपट जास्त जगणारा कण. जगतो किती, तर ७ भागिले १ वर २१ शून्यं, इतके सेकंद. आपल्याला हसू येईल, पण त्याच्या भाऊबंदांच्या तुलनेत हा मार्कंडेय आहे.

उत्तर तेच, फायचं, फक्त दोन पायऱ्या पुढे. जे/सायमध्ये चार्म जातीचा क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क. रेघा सलग ठेवून फुटायचं तर दोन डी मेसॉन बनायला हवेत, एकेकात एकेक चार्म. दोन डींचं मिळून वजन सुमारे ३७३०. जे/सायचं वजन ३०९७. भागत नाही. म्हणजे सोपी वाट पैशाअभावी बंद, आणि उरली ती औंध-गुणदाळ. फायकडे निदान ती ३० एमईव्हीची चिल्लर तरी होती. सिद्धान्ताची खात्री पटवणारा भाग पुढचा: याच घराण्यातला ३६८६ वजनाचा थोरला भाऊ, ३७३० च्या खालचाच, तोही अरुंद (०.३ एमईव्हीच्या आत). आणि त्याच्यावरचा, ३७७० च्या आसपासचा, एकदम २७ एमईव्ही रुंद, आणि तो मुख्यत्वे दोन डींमध्येच फुटतो. उंबरठा ओलांडला की दार सताड उघडं.

आता एक प्रश्न राहतो. फायची तुटकी वाट शंभरात १५ इतकी तरी झिरपते, मग जे/सायची एवढी घट्ट का? इथे १९७३ सालची एक ताजी कल्पना कामाला आली. ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवलं होतं की क्वार्कमधलं बल ऊर्जा वाढली की कमजोर होत जातं. (यासाठी त्यांना २००४ साली नोबेल मिळालं.) चार्म जड, म्हणून त्याच्या नष्ट होण्यात ऊर्जा जास्त, म्हणून पूल बांधणारं बलच अशक्त. शिवाय पूल एका ग्लुऑनचा चालत नाही, कारण ग्लुऑनला स्वतःचा 'रंग' असतो आणि मेसॉन बिनरंगी. दोन ग्लुऑनचाही चालत नाही. कण आणि प्रतिकण यांची अदलाबदल केली तर काय व्हावं याचा एक नियम आडवा येतो. कमीत कमी तीन लागतात. आणि प्रत्येक ग्लुऑनमागे त्या अशक्त बलाचा एकेक गुणक. शंभरातले पंचवीस मार्क तीनदा गुणले की किती उरतात ते बघा. हा खेळ पॉझिट्रॉनियममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीत, आधीच माहीत होता: तिचा जो प्रकार दोन फोटॉनमध्ये फुटू शकतो तो ०.१२५ नॅनोसेकंद जगतो, ज्याला तीन लागतात तो १४२ नॅनोसेकंद. जुना हिशोब नव्या कणाला जसाच्या तसा लागू पडला. माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा क्षण हाच. जे कोडं फायच्या वेळी अर्धवट कळलं होतं ते जड क्वार्क आल्यावर स्वच्छ कळलं, कारण जड क्वार्कच्या बाबतीत गणित करता येतं.

याचा एक उपपरिणाम फार कामाचा. एरवी असा कण सरळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन किंवा दोन म्यूऑनमध्ये फुटणं ही अपवादात्मक गोष्ट. ऱ्हो मेसॉनमध्ये ते लाखात पाच वेळा होतं. जे/सायमध्ये शंभरात सहा वेळा इलेक्ट्रॉन आणि सहा वेळा म्यूऑन! मोठ्या वाटाच दबल्या म्हटल्यावर गल्लीबोळांना वाटा मिळणारच. टिंगला कण दिसला तो याच इलेक्ट्रॉनच्या गल्लीतून, आणि आज जिनिव्हाच्या एलएचसीवर यंत्रं नीट चालतायत ना हे तपासायला जे/सायचे दोन म्यूऑनच वापरतात.

हे झालं एका प्रकारचं कुलूप. दुसऱ्या प्रकारच्या कुलपाची कथा मुंबईतून सुरू होते, आणि खरं सांगायचं तर लेख लिहायला घेतला तो तिच्यासाठीच.

१९५२ साली टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे टीआयएफआर, अजून कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी गेलेली नव्हती. गेटवेपाशी जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचा संसार होता. तिथे एकवीस वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, जॉर्ज सुदर्शन, मूळचा केरळचा, कोट्टयमजवळच्या पळ्ळम गावचा. तो काम करू लागला बर्नार्ड पीटर्सच्या गटात. पीटर्स मूळचे जर्मन, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत गेलेले, ओपनहायमरचे विद्यार्थी, आणि मग मॅकार्थीच्या काळात तिथेही राहणं नकोसं झाल्यावर मुंबईत आलेले. (या माणसावर वेगळा लेख व्हायला हवा.) या गटात विश्वकिरणांचे ठसे उमटलेल्या फोटोच्या पट्ट्यांवर काम चालायचं, आणि देवेंद्र लाल, यश पाल ही मंडळीही त्यातलीच. पुढे डिरॅक मुंबईत व्याख्यानं द्यायला आले तेव्हा त्यांच्या टिपणांचं काम सुदर्शन यांनी के. के. गुप्तांबरोबर केलं. मग रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे पीएचडी करायला ते १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला गेले.

तेव्हा क्षीण बलाचा सगळाच गोंधळ होता. हे बल कुठल्या स्वरूपाचं असू शकतं याच्या पाच शक्यता कागदावर होत्या. एक प्रयोग म्हणायचा ही, दुसरा म्हणायचा ती. १९५७ च्या जानेवारीत चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने दाखवलं की हे बल डावं-उजवं यांत भेदभाव करतं, आणि गोंधळ आणखी वाढला. सुदर्शन यांनी सगळे प्रयोग एकत्र मांडून बघितले आणि ठरवलं की सगळीकडे एकच बल असेल तर त्याचं स्वरूप 'व्ही उणे ए' हेच असू शकतं. अडचण एवढीच की चार प्रयोग याच्या सरळ विरुद्ध होते.

आपल्या भाषेत: चार टेस्ट लाल. आणि सव्वीस वर्षांचा नवशिक्या म्हणतोय, कोड बरोबर आहे, टेस्ट चुकलेल्या आहेत, परत लिहा. असं म्हणणाऱ्याचं आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांचा आधार हट्टाचा नव्हता. बाकीचा सगळा पुरावा एका बाजूला आणि हे चार दुसऱ्या बाजूला, आणि ते चारही बरोबर धरले तर कुठलंच एकसंध चित्र उभं राहत नाही, हा तो आधार.

त्या चारांतला एक आपल्या कामाचा. पायॉन फुटून म्यूऑन आणि न्यूट्रिनो होतात, ते नेहमीचंच. मग इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो का नाही? इलेक्ट्रॉन तर म्यूऑनच्या दोनशेव्या हिश्श्याइतका हलका, शिल्लक ऊर्जा कितीतरी जास्त. पुन्हा तोच, रुंद वाट ओस पडल्याचा प्रकार. 'व्ही उणे ए' मध्ये याचं कारण असं: पायॉनला फिरकी नाही, शून्य. त्यातून दोन कण विरुद्ध दिशांना सुटतात, तर त्यांच्या फिरक्यांची बेरीज शून्यच व्हायला हवी. न्यूट्रिनो आपल्या हाताचा पक्का, त्याची फिरकी ठरलेली. म्हणून जोडीदाराला मुकाट्याने 'चुकीच्या हाताने' फिरावं लागतं. सावकाश जाणाऱ्या जड कणाला हे जमतं. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळणाऱ्या हलक्या कणाला जवळजवळ जमत नाही. म्यूऑन जड, त्याचं भागतं. इलेक्ट्रॉन हलका, तो अडकतो. गणित करून गुणोत्तर येतं म्यूऑनच्या दर लाखाला इलेक्ट्रॉनचे साधारण बारा. आणि १९५७ सालचा शिकागोचा अँडरसन आणि लाटेस यांचा प्रयोग म्हणत होता की लाखाला एकसुद्धा नाही. दबलेली वाट आणि पूर्ण बंद वाट यातला हा फरक. सिद्धान्ताचा जीव त्या बारांवर.

१९५८ साली सर्नमध्ये (तेव्हा अगदी नवीन प्रयोगशाळा, हा तिचा पहिला गाजलेला निकाल) आणि अमेरिकेतही तो प्रयोग पुन्हा झाला. इलेक्ट्रॉन दिसले. पुढे मोजणी बारीक झाल्यावर आकडा लाखाला १२.३ च्या आसपास पक्का झाला. बाकीचे तीन निकालही काही काळात उलटले. चारही टेस्ट खरंच चुकीच्या होत्या!

यातला कडू भाग असा. १९५७ च्या एप्रिलमध्ये रॉचेस्टरलाच मोठी परिषद होती, घरच्या अंगणात. सुदर्शन विद्यार्थी, म्हणून त्यांना बोलायला जागा नाही. मार्शाक दुसऱ्या विषयावर बोलणार होते. ज्या तिसऱ्या माणसाने उल्लेख करायचा ठरलं होतं त्याने तो केला नाही. त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात गेल-मान यांच्याशी प्रत्यक्ष चर्चा झाली. सप्टेंबरमध्ये सुदर्शन-मार्शाक यांचा निबंध इटलीत पादुआ-व्हेनिसच्या परिषदेत सादर झाला, पण परिषदेचं पुस्तक निघायला पुढचं वर्ष उजाडलं. दरम्यान फाइनमन आणि गेल-मान यांचा लेख जानेवारी १९५८ च्या 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला, आणि बरीच वर्षं लोक त्यांचंच नाव घेत राहिले. १९६३ साली फाइनमन यांनी जाहीरपणे म्हटलं की शोध सुदर्शन-मार्शाक यांचा, आम्ही तो लोकांपर्यंत नेला. दिलदारी खरीच, पण पाच वर्षं उशिराची. 'व्ही उणे ए' साठी नोबेल कोणालाच मिळालं नाही. सुदर्शन २०१८ साली गेले.

मला यात गेल-मान किंवा फाइनमन यांना खलनायक करायची इच्छा नाही. त्यांचा लेख स्वतंत्र होता आणि उत्तम होता. चूक दिसते ती परिषदेच्या रीतीत: ज्याने काम केलं त्याने बोलायचं नाही, वरिष्ठाने बोलायचं, आणि वरिष्ठाला वेळ नाही. ही रीत तुमच्या ऑफिसात कुठल्या डेमोच्या वेळी दिसली असेल तर योगायोग समजावा :-)

आता जड क्वार्ककडे परत. पायॉनला लागू पडलेलं ते डाव्या-उजव्याचं कुलूप बी मेसॉनलाही लागू पडतं. बी मेसॉन म्हणजे बॉटम क्वार्कवाला, वजन ५२८० च्या घरात, पायॉनच्या अडतीसपट. ऊर्जा इतकी की टाऊ, म्यूऑन, इलेक्ट्रॉन तिघांनाही रान मोकळं. पण कुलूप वजन बघतं. टाऊ सगळ्यात जड, म्हणून बी मेसॉन टाऊ आणि न्यूट्रिनोमध्ये दहा हजारात साधारण एकदा फुटतो. म्यूऑनमध्ये त्याच्याही दोनशेव्या हिश्श्याइतका, म्हणजे कोटीत चार वेळा. (टाऊचासुद्धा आकडा एवढा लहान का? कारण बॉटम क्वार्कला अप क्वार्कमध्ये बदलायचं तर घराण्यांच्या दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात आणि निसर्ग त्याला फारच कंजूस परवानगी देतो. त्या परवान्यांचा तक्ता म्हणजे काबिबो, कोबायाशी आणि मास्कावा यांचं मॅट्रिक्स. त्यात आज शिरत नाही.)

हे मोजायचं कुठे? जपानमध्ये त्सुकुबाला बेल नावाचा प्रयोग १९९९ ते २०१० चालला, आणि मुंबईची टीआयएफआर त्याची सदस्य होती. यंत्र मुद्दाम अशा ऊर्जेवर चालवायचे की अप्सिलॉन घराण्यातला चौथा भाऊ तयार व्हावा. अप्सिलॉन म्हणजे बॉटमचा जे/साय, १९७७ साली फर्मीलॅबला लेडरमनच्या गटाला सापडलेला. पहिले तीन भाऊ उंबरठ्याखाली, म्हणून सुईसारखे अरुंद. चौथा १०५७९ चा; दोन बी मेसॉनचा खर्च १०५५९. वीस एमईव्हीने दार उघडतं, आणि हा जवळजवळ नेहमीच दोन बी देतो, बाकी कचरा काहीच नाही. म्हणजे पहिल्या कुलपाचा उंबरठा वापरून कारखाना उभारायचा आणि त्या कारखान्यात दुसऱ्या कुलपाची तपासणी करायची! २००६ साली बेलने सुमारे ४५ कोटी जोड्या चाळून टाऊच्या वाटेचा पहिला पुरावा दिला. टाऊ फुटताना आणखी न्यूट्रिनो निसटतात, त्यामुळे दिसतं जवळजवळ काहीच नाही. जोडीतल्या दुसऱ्या बीचा एकेक तुकडा जुळवून, मग उरलेल्या जागेत काही नाही ना, एवढंच बघायचं.

तिसरं कुलूप थोडक्यात सांगतो, कारण त्याची जाहिरात खूप झालेली आहे. विद्युतभार असलेला केऑन म्यूऑन आणि न्यूट्रिनोमध्ये शंभरात ६४ वेळा फुटतो. दीर्घकाळ टिकणारा विनाभार केऑन दोन म्यूऑनमध्ये अब्जात सात वेळा. ग्लॅशो, इलिओपूलोस आणि मैयानी यांनी १९७० साली सुचवलं की अजून एक, चौथा क्वार्क असेल तर त्याची आणि अप क्वार्कची देणी एकमेकांत वजा होतात आणि बाकी जवळजवळ शून्य उरते. तो चौथा म्हणजे चार्म. १९७४ च्या उन्हाळ्यात गेलार्ड आणि ली यांनी अशाच दबलेल्या आकड्यांवरून त्याचं वजन दीड जीईव्हीच्या आसपास काढलं, आणि तीन-चार महिन्यांत जे/साय सापडला, त्याच्या दुपटीला. न घडणाऱ्या गोष्टीवरून न दिसलेल्या वस्तूचं वजन! याला मी सलाम करतो.

बी-एस नावाचा मेसॉन दोन म्यूऑनमध्ये फुटतो त्याला ही तिन्ही बंधनं एकदम आहेत: वजाबाकी, परवान्याची कंजुषी आणि डावं-उजवं. हिशोबाने अब्जात साडेतीन वेळा. २०१५ साली सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांचा एकत्रित निकाल 'नेचर'मध्ये आला, अब्जात २.८, चुकीच्या मर्यादेत जुळणारा. सीएमएसमध्ये टीआयएफआर आहे. त्याच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचा बाहेरचा थर मुंबईकरांनी केलेला. आणि बी मेसॉनच्या सिद्धान्तावर त्याच संस्थेत अमोल दिघे यांचं बरंच काम आहे; १९९६ साली बी-एसच्या जे/साय आणि फायमध्ये फुटण्यावर त्यांनी इतर तिघांबरोबर लिहिलेला लेख या विषयातल्या लोकांना माहीत असतो. (बघा, आपले दोन्ही जुने नायक एकाच वाक्यात आले.)

इतकी दबलेली वाट मोजायचा सोस कशाला, असं विचाराल. मुख्य रस्त्यावर हजार गाड्या जात असताना एखादी जास्त गेली तर कळत नाही. ज्या वाटेने दिवसाला तीन जातात तिथे चौथी लगेच दिसते. अजून न सापडलेला कुठला कण असेल तर तो तिथेच चाहूल देईल ही आशा. २०२१ साली तशी चाहूल लागल्यासारखं वाटलंही. बी मेसॉनच्या अशाच एका दुर्मीळ फुटीत म्यूऑन आणि इलेक्ट्रॉनचे आकडे समान यायला हवेत ते आले नाहीत, जगभर मथळे झाले. डिसेंबर २०२२ मध्ये एलएचसीबीने विश्लेषण सुधारून पुन्हा मांडलं आणि फरक विरून गेला. सुदर्शन यांच्या वेळी प्रयोग बदलले आणि नवा सिद्धान्त जिंकला. यावेळी प्रयोग बदलला आणि जुना सिद्धान्त जिंकला.

बी मेसॉनच्या म्यूऑनवाल्या वाटेचं मात्र अजून नक्की व्हायचंय. बेलकडे एकूण ७७ कोटी जोड्या जमल्या, त्यातल्या साधारण निम्म्या विद्युतभारवाल्या. हिशोबाने त्या ढिगात असे सुमारे तीनशे प्रसंग असायला हवेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निकालात खूण दिसते, पण २.८ सिग्माची, 'सापडलं' म्हणायला पाच लागतात. पुढचा प्रयोग, बेल-टू, २०१९ पासून मोजणी करतोय. त्याच्या गाभ्याजवळच्या सिलिकॉनच्या शोधकाचा चौथा थर टीआयएफआरच्या लोकांनी जोडलेला आहे. इलेक्ट्रॉनवाल्या वाटेचा हिशोबही करून बघितला. लहानपणी पाढ्यांच्या पुस्तकाच्या शेवटी एकं-दहं-शतं पाठ करताना अब्ज, खर्व, निखर्व म्हणायचो ना, तो निखर्व पहिल्यांदाच उपयोगी पडला: निखर्वात एक.